आगलाव्यांची टीम

टीमवर्क म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लोणावळ्याचं रिसॉर्ट, कंपनीचा लोगो छापलेले टी-शर्ट, डोळ्यांवर पट्टी बांधून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, संध्याकाळी डीजे आणि अनलिमिटेड बुफे. सोमवारी ऑफिसात परत आलं की ज्याने झेललं तोच मेलमध्ये बॉसला सीसी करून आपली विकेट काढतो! असो. फुकटचा बुफे कोणाला आवडत नाही, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण मध्ये आमच्या एचआरने एक फॉर्म भरून घेतला. 'तुमच्या आयुष्यातला टीमवर्कचा सर्वांत चांगला अनुभव कोणता? शंभर शब्दांत लिहा.' मला शंभर शब्द काही पुरले नाहीत. म्हणून हा लेख.

मी मूळची रत्नागिरीची. आता पुण्यात एका आयटी कंपनीत डेटाशी झटापट करते. २०१७-१८ हे माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. प्रोजेक्टसाठी पाच-पाच जणांचे ग्रुप पाडले गेले आणि माझ्या वाट्याला आले चार अनोळखी चेहरे. एक राजापूरची मुलगी, एक संगमेश्वरचा मुलगा, एक लांज्याचा आणि एक गुहागरची. पहिल्या दिवशी कोणाचीच नावं लक्षात राहिली नाहीत म्हणून गावावरून हाक मारायला लागलो. ती सवय आजतागायत टिकली आहे. फोनमध्येही 'लांजा नवा नंबर' असंच सेव्ह आहे. मी शहरातली, म्हणून मी 'रत्नागिरी'.

बाकीच्या ग्रुप्सनी प्लास्टिकबंदी, विहिरीच्या पाण्याची तपासणी असे सेफ विषय पटापट उचलले. आम्हीही तेच करणार होतो. पण राजापूर म्हणाली, "वणवा घेऊया." आम्ही म्हटलं, त्यात काय प्रोजेक्ट? दरवर्षी लागतो, विझतो. तेव्हा तिने सांगितलं. २०१५ च्या मार्चमध्ये तिच्या बाबांची काजूची बाग जळली होती. वेंगुर्ला जातीची कलमं. ती चौथीत असताना लावलेली, दोन उन्हाळे कळशीने पाणी घालून जगवलेली. काजूचा सीझन ऐन भरात होता. संध्याकाळी चारला सड्यावर धूर दिसला आणि सहा वाजेपर्यंत सगळा खेळ खल्लास. "मला फक्त एवढंच शोधून काढायचंय," ती म्हणाली, "की पेटवतं कोण."

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव संगमेश्वरने ठेवलं... 'आगलावे'. तेव्हा आम्हाला ते भलतंच विनोदी वाटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, वणवे तिकडे कॅलिफोर्नियात लागतात, ऑस्ट्रेलियात लागतात, फार तर उत्तराखंडात. कोकण तर हिरवंगार! तुमचंही बरोबर आहे, कारण तुम्ही कोकणात येता ते गणपतीत किंवा मान्सून ट्रिपला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. आमच्याकडे डोंगरमाथ्यावर जे जांभ्या दगडाचे सपाट सडे असतात, तिथे मातीचा थर जेमतेम वीतभर. पाणी धरून ठेवणार कोण? पावसात कमरेएवढं गवत वाढतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि फेब्रुवारीत त्याचा अक्षरशः कागद होतो. त्यात पूर्वेकडचा गरम वारा सुटला आणि समुद्रावरचे खारे वारे यायला उशीर झाला की पारा झरझर चढतो. मग एक ठिणगी पुरते. वनखात्याच्या लेखी राज्यात आगीचा मोसम १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे आंबा-काजूचा मोसमही तोच! हापूस फळावर असतो, काजूची बोंडं पिकत असतात, तेव्हाच वणव्याची भीती सर्वांत जास्त.

आम्ही कामाला लागलो, ते अर्थातच एसीत बसून. लांज्याने शोधून काढलं की नासाची 'फर्म्स' नावाची सेवा आहे, जगात कुठे आग लागली ते उपग्रह टिपतात आणि कोणालाही फुकट बघता येतं. झालं! मला आकाश ठेंगणं. जुना डेटा डाउनलोड केला, एक्सेलमध्ये टाकला, गुगल अर्थवर लाल ठिपके मांडले. मी तर प्रेझेंटेशनचा रंगसुद्धा ठरवून ठेवला.

राजापूरने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तिच्या गावावर झूम केलं. मार्च २०१५. तिथे ठिपकाच नव्हता.

अख्खी बाग जळाली आणि आकाशातल्या डोळ्याला पत्ताच नाही? मग आम्ही वाचायला घेतलं. हे उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात. तेव्हा साधारण सकाळी साडेदहा, दुपारी दीड, आणि तसंच रात्री. एकाची नजर एक किलोमीटरच्या चौकोनाची, दुसऱ्याची ३७५ मीटरची. सड्यावरचं गवत चारला पेटतं आणि आठच्या आत जळून राख होतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात सगळं आटोपलेलं असतं. शिवाय लहान आग असेल तर चौकोनात हरवून जाते. मोठ्या जंगलात चार-चार दिवस धुमसणाऱ्या आगीसाठी ही सेवा सॉलिड आहे, पण आमच्या गवताच्या आगी तिच्या हातातून निसटत होत्या.

म्हणजे आता एकच उपाय उरला. गावोगाव फिरायचं आणि माणसांना विचारायचं. डिसेंबरपासून दर रविवारी एसटी, वडापाव आणि पाखाड्या चढणं. ओखी चक्रीवादळाने त्या डिसेंबरात अवेळी पाऊस पाडला होता, मोहोराचं काय होणार म्हणून सगळे बागायतदार टेन्शनमध्ये होते. आम्ही अकरा वाड्या फिरलो. सर्वांत चांगली माहिती दिली ती गुरं चारणाऱ्यांनी आणि गवत कापणाऱ्या बायकांनी. कोणत्या वर्षी कुठून आग आली, कुठल्या गडग्यापाशी थांबली, वारा कसा होता, त्यांना तोंडपाठ. गुहागरने त्यांच्याकडून जमिनीवर काडीने नकाशे काढून घेतले आणि वहीत उतरवले. तो नकाशा उपग्रहाच्या नकाशापेक्षा कितीतरी भरलेला निघाला.

कारणंही कळत गेली. आपल्याकडचे वणवे बहुतेक करून माणसानेच लावलेले असतात. कुठे भाताची दाढ भाजताना आग बांधाबाहेर जाते. कुठे शिकारीसाठी पेटवतात, कुठे मध काढताना. कुठे विजेच्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते. रस्त्याकडेला फेकलेली विडी-सिगारेट तर आहेच. आणि एक कारण असं की जे कोणी 'कारण' म्हणून सांगतच नाही. पूर्वी हे गवत माणसं कापायची. गुरांना लागायचं, घरं शाकारायला लागायचं. आता घरांवर कौलं आणि पत्रे आहेत, गोठे रिकामे आहेत, माणसं मुंबईत आहेत. गवत मात्र दरवर्षी उगवतंच आहे. त्यातच १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि एकेकाळच्या मोकळ्या वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. चांगलंच झालं, पण पूर्वी जे गवत नुसतं जळून जायचं, त्याच्या मधोमध आता लोकांची आयुष्यभराची कमाई आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही संगमेश्वरच्या गावी गेलो. त्याच्या काकांनी गरमागरम घावणे खायला घातले. गुहागरने वही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, तुमच्याकडे वणवा कोण लावतं? काका शांतपणे म्हणाले, "मीच की!"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "दरवर्षी पेटवतो. माझे बाबा पण पेटवायचे. जुनं गवत जळलं की पावसात नवं कोवळं येतं, गुरं आवडीने खातात. आमी काय जंगल जाळायला नाय पेटवत पोरांनो, गवत पेटवतो."

राजापूरने ताट बाजूला ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

परतीच्या एसटीत कोणी कोणाशी बोललं नाही. रात्री ग्रुपवर तिचा मेसेज आला. रिपोर्टमध्ये त्या गावाचं नाव येणार, पेटवणाऱ्याचा उल्लेख येणार, नाहीतर मी यात नाही. संगमेश्वरने लिहिलं, माझ्या काकांनी विश्वासाने सांगितलं, त्यांना गुन्हेगार करणार असाल तर मी यात नाही. लांज्याने एक फॉरवर्डेड जोक टाकून वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला, आणि दोघांनीही ग्रुप सोडला! 'आगलावे' ग्रुपवर आठ दिवस सन्नाटा.

आपल्या ऑफिसात असं झालं असतं तर काय झालं असतं? मीटिंग बोलावली असती, मिनिट्स निघाले असते, दोघांना वेगवेगळ्या टीममध्ये टाकलं असतं. आमच्याकडे मॅनेजर नव्हता. होती ती गुहागर. तिने दोघांना कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसवलं आणि एकच गोष्ट विचारली, "काकांची आग कधी कोणाच्या बागेत गेलीये का?" संगमेश्वर म्हणाला, नाही. राजापूर म्हणाली, "कशावरून?" तो म्हणाला, "तूच येऊन विचार."

आणि ती गेली, हे मला आजही ग्रेट वाटतं. आम्ही पाचही जण गेलो. तिने काकांना सरळ सांगितलं, माझ्या बाबांची बाग अशाच आगीत गेली. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या सकाळी सहाला उठा, दाखवतो."

त्या सकाळी जे पाहिलं ते कुठल्याही वेबसाइटवर नव्हतं. गवतावर दव होतं, वारा पडलेला होता. काकांनी आणि तिघा शेजाऱ्यांनी बागांच्या कडेने दोन समांतर पट्ट्यांतलं गवत आधीच कापून, झाडून ठेवलं होतं. मधल्या गवताला त्यांनी वरच्या अंगाने आग लावली. आग उताराला चढायला धावते, उतरताना मात्र रांगत रांगत येते. दोन्ही बाजूंना माणसं ऐनाचे हिरवे डहाळे घेऊन उभी. जरा कुठे जीभ बाहेर आली की फटका. ऊन वर यायच्या आत सगळं विझवून, हात लावून बघून, घरी. "बारानंतर काडी ओढायची नाय," काका म्हणाले. "बारानंतर वारा मालक." वनखातं याच पट्ट्याला जाळरेषा म्हणतं. मोसमाच्या आधीच पट्टा मोकळा करून ठेवला की वणव्याला पुढे जायला जळणच मिळत नाही.

नंतर वाचताना कळलं की ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी हजारो वर्षं अशीच 'थंड आग' लावत आले आहेत, आणि २०१९-२० च्या तिथल्या भयंकर वणव्यांनंतर त्या ज्ञानाची नव्याने चर्चा झाली. पण तेव्हा आम्हाला एवढंच उमगलं की पेटवणारे सगळे एकाच माळेचे मणी नाहीत. भर दुपारी काडी टाकून निघून जाणारा वेगळा आणि पहाटे उठून चौघांना घेऊन आगीपाशी उभा राहणारा वेगळा. अर्थात काकांचा मार्गही सगळा बरोबर नव्हताच. लांज्याने त्यांना तेव्हाच सांगितलं की पट्ट्यापुरतं ठीक, पण अख्खा माळ जाळला तर जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटव्यांचं काय, वीतभर मातीचं काय? काका म्हणाले, "ते पण खरं." आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःच काढली. पूर्वी ठरलेल्या दिवसांत काम व्हायचं. आता नोव्हेंबर-डिसेंबरातही पाऊस येतो, गवत उशिरा वाळतं आणि मग एकदम ऊन तापतं. मधले सुरक्षित दिवस कमी झालेत. आम्ही इंटरनेटवर 'क्लायमेट अ‍ॅडॅप्टेशन'च्या व्याख्या शोधत होतो, आणि काका त्यांच्या भाषेत तेच सांगत होते की कामाची तारीख आता पंचांगावर नाही, गवतावर बघून ठरवायला लागते.

पुढच्या रविवारी काका आमच्याबरोबर राजापूरला आले. तिच्या बाबांनी २०१५ नंतर पुन्हा शंभर कलमं लावली होती, त्यांच्याभोवती पट्टा काढायचा होता. बाबा काकांशी चहा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. चहानंतर कोयतीच्या धारेवरून बोलणं सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत दोघे भरपूर भांडलेही. ग्रामपंचायतीत आधी सांगून ठेवलं होतं. आम्ही पाच, गावातली आठ-दहा माणसं. दोन रविवारांत तीन बाजू पूर्ण झाल्या. हाताला फोड आले, पण फोटो काढायला कोणाला सुचलं नाही.

चौथी बाजू राहिली. त्या बाजूला पडीक जमीन होती, छातीएवढं गवत. सातबारावर सत्तावीस नावं. निम्मी माणसं हयात नाहीत, बाकीची मुंबई, ठाणे, वसई, एक अमेरिकेत. कोणाला विचारायचं? दोघांचे नंबर मिळाले. एक म्हणाले, आमच्या जागेत पाय ठेवू नका, नंतर हक्क सांगाल. दुसरे म्हणाले, मे महिन्यात येतो तेव्हा बघू.

११ मार्चला तमिळनाडूतल्या कुरंगणीची बातमी आली. ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली, वीसहून अधिक जीव गेले. बरेचसे आपल्याच वयाचे, वीकेण्डला डोंगरात गेलेले. त्या दिवशी गवताची आग म्हणजे काय ते आमच्या अख्ख्या वर्गाला कळलं.

आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात राजापूरच्या सड्यावर धूर दिसला. दुपारी तीन वाजता. आम्ही परीक्षेच्या तयारीत, रत्नागिरीत. तिचा फोन येईपर्यंत सगळं होऊनही गेलं होतं. तीन बाजूंना आग पट्ट्यापर्यंत आली आणि तिथेच बसली. चौथ्या बाजूने, त्या सत्तावीस नावांच्या गवतातून, आत आली. गावकऱ्यांनी डहाळ्यांनी झोडून विझवली तोवर एकोणीस कलमं गेली होती.

शंभरातली एकोणीस. ती फोनवर रडत होती की हसत होती ते मला आधी कळेना. मग म्हणाली, "एक्याऐंशी राहिली गं!"

आमचं प्रेझेंटेशन फार काही भारी झालं नाही. ग्राफ कमी आहेत असा शेरा मिळाला. रिपोर्टमध्ये कुठल्याही गावाचं, माणसाचं नाव नव्हतं. तो निर्णय राजापूरनेच घेतला. तिने शेवटच्या पानावर लिहिलेलं वाक्य मला पाठ आहे. 'कोण पेटवतं हे शोधायला निघालो होतो, पण गवत कोण कापत नाही हा प्रश्न जास्त महत्त्वाचा निघाला.'

त्यानंतर कोकणाने बरंच काही सोसलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आलं, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. वाटतं की पूर आणि वादळाचा वणव्याशी काय संबंध? पण पडलेलं झाड वेळेत उचललं नाही तर तेच पुढच्या उन्हाळ्याचं जळण. हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणजे आम्हाला कळलं ते इतकं साधं आहे. गेल्या आपत्तीचा कचरा पुढच्या आपत्तीच्या आधी काढून ठेवायचा, आणि ते एकट्याने होत नाही.

आम्ही पाच आता पाच ठिकाणी आहोत. ग्रुप अजून 'आगलावे' याच नावाने चालू आहे. वर्षभर त्यावर वाढदिवस आणि मीम्स असतात, पण जानेवारी उजाडला की संगमेश्वर विचारतो, यंदा कोणाकडे? दोन दिवस जमवायचे, एका गावात पट्टा काढायचा. दरवेळी पाचही जण येतात असं नाही. एका वर्षी दोघंच होतो. काकांचे गुडघे गेले आहेत, ते खुर्ची टाकून बसतात आणि आमच्या चुका मोठ्याने सांगतात. त्या सत्तावीस नावांपैकी चौघांनी शेवटी गवत कापायला लेखी होकार दिला. त्यातला एक अमेरिकेतला आहे!

आता तुमच्याकडे वळते. ट्रेकला जात असाल तर वाळल्या गवतात शेकोटी आणि सिगारेट नको, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. मी दुसरंच विचारतेय. तुमचं मूळ गाव कोकणात आहे का? आजोबांच्या नावावर कुठेतरी एखादा डोंगराचा तुकडा आहे, त्यात आपलंही नाव कधीतरी लागलंय, असं घरात पुसटसं ऐकलंय का? एकदा महाभूलेखवर जाऊन सातबारा काढा. दहा मिनिटांचं काम आहे. त्यातली किती नावं तुमच्या फोनमध्ये आहेत ते मोजा आणि त्यांचा एक ग्रुप करा. मग गावात फोन करून फक्त एवढं विचारा, आमच्या जागेतलं गवत कोणी कापून नेईल का? नाही म्हणणारे फार थोडे भेटतील. पेटवायचं वगैरे मात्र तुम्ही स्वतः अजिबात करू नका, ते जाणत्या माणसांचं आणि ग्रामपंचायत, वनखात्याला सांगून करायचं काम आहे.

गणपतीला तुम्ही रजा टाकता, शिमग्याला टाकता. एक रजा जानेवारीतही टाकून बघा. कोयती गावात मिळेल.